पट्टी चांगल्या डोळ्यावरच

माझ्या मुलीच्या डोळ्यांकडे बघून कुणाला काही कळलं नसतं. तिरळेपणा नाही, लाली नाही, डोळे चोळायची सवय नाही. तांदूळ निवडताना खडा माझ्याआधी तिलाच सापडायचा. तिची तक्रारही नव्हती. एक डोळा नीट बघत असला की दुसऱ्याचं धूसर दिसणं मुलाच्या ध्यानातच येत नाही.

आमच्याकडे हे उघडकीला आलं ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा तपासायचं, अशी त्याची आखणी आहे. या कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरबाईंनी तिचा डावा डोळा झाकला, तेव्हा ती एकेक चित्र सांगत गेली. उजवा झाकल्याबरोबर त्यांचा हात ढकलून मान फिरवायला लागली. मी म्हटलं, भूक लागली असेल. बाई म्हणाल्या, "भूक एकाच डोळ्याला लागत नाही हो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या."

हा प्रयोग घरीही करता येतो. खेळता खेळता एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. दरवेळी एकाच डोळ्याच्या वेळी मूल चिडत असेल तर हट्ट समजून सोडून देऊ नका. मात्र मूल चिडलं नाही म्हणून डोळे ठीक आहेत असंही धरू नका. शाळेत घालण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं बरं.

लहान मुलाचा खरा नंबर काढायला डोळ्याच्या आतले, नजर जुळवणारे स्नायू सैल करावे लागतात. आम्हाला त्यासाठी तपासणीआधी तीन दिवस घालायला ॲट्रोपिनचं मलम दिलं होतं. हे औषध साधं समजू नका. सांगितलं तेवढंच, अगदी थोडं घालायचं आणि नाकाजवळचा कोपरा थोडा वेळ बोटाने दाबून धरायचा, म्हणजे ते घशात कमी उतरतं. तोंड लालबुंद झालं, अंग तापलं, मूल बडबडायला लागलं तर पुढच्या वेळचं मलम न घालता डॉक्टरांना फोन करा. ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. नंतर आठ-दहा दिवस उजेड खुपतो आणि जवळचं धूसर दिसतं, त्या काळात टोपी घाला आणि रंगवायच्या वहीचा आग्रह धरू नका.

उजव्या डोळ्याचा नंबर निघाला प्लस एक, डाव्याचा प्लस साडेपाच. दोन डोळ्यांत एवढा फरक असला की मेंदू स्पष्ट चित्र घेतो आणि धूसर चित्राकडे दुर्लक्ष करत जातो. डोळा शाबूत राहतो, पण त्या डोळ्याने बघायला मेंदू शिकत नाही, हाच तो दोष. ह्यूबेल आणि विझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला होता. टाके काढल्यावर डोळा धडधाकट होता, पिलाला मात्र त्याने दिसत नव्हतं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, पण घाई कशासाठी करायची ते त्या पिलांमुळे समजलं.

आधी नुसता चष्मा. काही मुलांचं तेवढ्याने भागतं, म्हणून डॉक्टर काही आठवडे वाट बघतात. चष्मा झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत, 'अभ्यासापुरता' नाही. काचा फुटणार नाहीत अशा पॉलिकार्बोनेटच्या घ्या आणि मागून पट्टा लावा. चष्मा नाकावर घसरला की मूल वरून बघतं आणि मग नंबराचा उपयोग नाही.

आमचं चष्म्याने अर्धंच काम झालं, म्हणून पट्टी आली. घरातली खरी अडचण इथून सुरू झाली आणि ती मुलीची नव्हती. पट्टी लावायची होती उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या लेखी पट्टी असते दुखऱ्या डोळ्याला. इथे धड डोळा बांधून पोरीला चाचपडायला लावलेलं त्यांना बघवेना. मी कामावर गेले की पट्टी निघायची आणि मी यायच्या वेळेला पुन्हा चिकटायची. चिकटवलेल्या पट्टीचं वाकडं टोक बघून मला ते कळलं. भांडून उपयोग नव्हता. पुढच्या तपासणीला त्यांनाच घेऊन गेले. डॉक्टरांनी नातीचा उजवा डोळा झाकून तिला तक्ता वाचायला लावला. वरचं सगळ्यात मोठं चित्रही तिला ओळखता येईना, तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून पट्टीचं खातं त्यांच्याकडे गेलं आणि त्या माझ्याहून कडक निघाल्या. माझा सल्ला आहे की दुपारी मूल ज्यांच्याकडे असतं, त्या आजी-आजोबांना किंवा सांभाळणाऱ्या ताईंना एकदा तरी दवाखान्यात न्या. उपचार दवाखान्यात ठरतो आणि मोडतो तो घरात, बहुतेक वेळा दयेपोटी.

चष्म्याच्या काचेवर चढवायची कापडी पट्टी दिसायला गोंडस, पण मुलं नाकाच्या बाजूने हमखास डोकावतात. कातडीला चिकटणारी पट्टी लावून वर चष्मा घाला. उन्हाळ्यात घामाने ती सुटते आणि पुरळही उठतं. तोंड धुऊन पूर्ण कोरडं केल्यावर लावा, काढताना कडा ओल्या करून हळूहळू सोडवा. पुरळ चिघळलं तर थेंबांचा पर्याय विचारा. चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिन घालून तो तात्पुरता धूसर करतात आणि मध्यम दोष असलेल्या पुष्कळ मुलांना त्याचा पट्टीइतकाच फायदा होतो. पट्टी लावलेली असताना जिना, सायकल आणि रस्ता एकट्याने नको, कारण त्या वेळी मुलाला खरोखरच कमी दिसत असतं.

तास आपल्या मनाने वाढवायचे नाहीत. २००३ साली अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने मध्यम दोष असलेल्या मुलांवर केलेल्या चाचणीत दिवसाला दोन तास आणि सहा तास यांच्या निकालात फरक दिसला नाही. दोष तीव्र असेल तर तास जास्त लागतात, ते डॉक्टर ठरवतील. उगाच जास्त झाकलं तर चांगल्या डोळ्याचीच नजर उतरू शकते. पट्टीच्या वेळात मणी ओवायला द्या, चिंचोके निवडायला द्या, ठिपके जोडायला द्या, असं सगळे सांगतात. त्याच गटाच्या २००८ च्या चाचणीत अशा जवळच्या कामाने नजर जास्त सुधारल्याचं दिसलं नाही. मी तरी चिंचोके देत राहिले, कारण हात गुंतला की पट्टीकडे जात नाही. मुलाला क्रिकेट आवडत असेल तर अंगणात क्रिकेट खेळू द्या, फक्त मऊ चेंडूने.

चष्मा घालवून देणारे व्यायाम, डोळ्यात घालायचा मध, कुणाच्या तरी ओळखीचे काढे हे सगळं आमच्या दारी येऊन गेलं. मधाची बाटली मी घेतली आणि पोळीबरोबर संपवली. तिरळेपणाला भाग्याचं लक्षण म्हणणारेही अजून भेटतात. बाळ सहा महिन्यांचं झाल्यानंतरही डोळा फिरलेला दिसत असेल तर लगेच दाखवा. फोटोत किंवा उजेडात बाहुली पांढरट चमकत असेल तर एकही दिवस थांबू नका, त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते.

नजर तक्त्यावर खालच्या ओळीपर्यंत आली की उपचार संपला असं वाटतं. पट्टी थांबवल्यावर सुमारे एक चतुर्थांश मुलांची नजर पुन्हा उतरते, तीही बहुधा पहिल्या वर्षात. आमची एक ओळ घसरली होती, म्हणून थोडे आठवडे पुन्हा पट्टी लावावी लागली. तास एकदम बंद न करता कमी करत न्यायचे का, हे आधीच विचारून ठेवा. चष्मा चालूच राहतो. कुणाच्या मुलाचा दोष सात वर्षांनंतर लक्षात आला तर 'आता वेळ गेली' हे ऐकून परत फिरू नका. मोठ्या मुलांत फायदा कमी मिळतो, पण आधी उपचार झाले नसतील तर किशोरवयातही काहींची नजर सुधारते.

हा दोष घराण्यातही असतो. भावंडांची काही तक्रार नसली तरी त्यांचे डोळे तपासून घ्या. आमच्या धाकट्याला बोलता येत नव्हतं तेव्हाच नेलं होतं. नंबर काढायला मुलाला बोलता यावं लागत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.