पडद्यावरचा श्याम आणि वाढलेला माधव

बालनटाच्या प्रौढत्वाचा प्रश्न सामान्यतः व्यवसायाचा म्हणून मांडला जातो: पुढे त्याला कामे मिळाली की नाहीत? प्रस्तुत टिपणात तो आत्मकथनाचाही प्रश्न आहे, असे सुचवावयाचे आहे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र आपल्या मित्रांना स्वतःचे बालपण सांगतो. बालपणाचा अर्थ लावण्याचा अधिकार तेथे वाढलेल्या माणसाकडे आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. आता प्रेक्षकांसमोर मूलच उभे राहिले. ते मूल म्हणजे तेरा वर्षांचा माधव वझे. ग्रंथातील श्याम आपले बालपण स्वतः सांगतो. पडद्यावरील श्यामचे बालपण मात्र प्रेक्षकांच्या स्मरणाची मालमत्ता झाले.

वझे पुढे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाट्यदिग्दर्शक आणि रंगभूमीचे समीक्षक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. तरीही मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वार्तांमधून त्यांची पहिली ओळख 'श्याम' हीच दिली गेली. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी' असे आहे. यातील क्रम विचारार्ह वाटतो. आधी कृती, मग कर्ता, आणि सर्वांत शेवटी 'मी'. परंतु तो 'मी' आता सांगणारा आहे. ग्रंथातील प्रौढ श्यामची जागा वझे यांनी अशा रीतीने परत मिळविली, असे म्हणता येईल.

याच्या शेजारी सचिन पिळगांवकर यांचे उदाहरण ठेवावे. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) या चित्रपटातून ते बालनट म्हणून पुढे आले. 'गीत गाता चल' (१९७५) मध्ये नायक झाले आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चे दिग्दर्शक. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'हाच माझा मार्ग'. पहिल्या चित्रपटाचे नावच येथे किंचित बदलून आयुष्याचे नाव होते. वझे यांच्या शीर्षकात बालभूमिका आणि 'मी' यांमध्ये अंतर आहे. येथे सातत्याचा दावा आहे. दोन शीर्षकांवरून दोन आयुष्यांचा निवाडा करता येणार नाही. पण प्रौढ होण्याच्या दोन रीती त्यांतून दिसतात.

बालकलाकारांविषयीच्या २०१७ च्या नियमांनी दिवसाला पाच तासांची कामाची मर्यादा घातली आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे ठेवणे बंधनकारक केले. वेळेचे आणि पैशाचे रक्षण कायद्याने होऊ शकते. स्वतःच्या बालपणाविषयी अखेरचा शब्द उच्चारण्याचा हक्क मात्र कायदा देऊ शकत नाही. तो ज्याचा त्यानेच मिळवावा लागतो.