रिकामी पेटी आधी दाखव

अगं, सहावी-सातवीचं नागरिकशास्त्र गळ्यात पडलं म्हणून तोंड पाडून काय बसलीस? नव्या शिक्षणसेविकेच्या वाट्याला उरलेसुरलेच तास येतात, कुठल्याही शाळेत जा. गणित-विज्ञान जुन्या मंडळींनी आधीच वाटून घेतलेलं असतं. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेले हे थोडके धडे मग चाचणीच्या तोंडावर उरकायचे. व्याख्या फळ्यावर लिहायच्या, रिकाम्या जागा भरून घ्यायच्या, झाला घटक. तू मात्र तसं करू नकोस. उद्या कुणी गोड बोलून हा तास मागितला तरी सोडू नकोस. विज्ञानाच्या बाईंना साहित्यासाठी कपाटाची किल्ली शोधत फिरावं लागतं, तुझं सगळं साहित्य वर्गात हजर आहे. मॉनिटर आहे, खिचडीची रांग आहे, बाकावरून होणारी भांडणं आहेत, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ग्रामपंचायत.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की कर. ‘चांगला नागरिक’ म्हटलं की आपण पोरांकडून काय वदवून घेतो? कचरा कुंडीत टाकावा, रांगेत उभं राहावं, झाडं लावावीत, मोठ्यांचा मान राखावा. वाईट काहीच नाही त्यात. पण ही यादी जरा निरखून बघ. वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोरालाही ती मान्य आहे, हेडसरांनाही, सरपंचांनाही. ती शिकवल्याने कुणाचंच काही अडत नाही. मला विचारशील तर नियम, मतदान, हक्क हा सगळा पसारा मांडलाय तो ज्याचं कुठे काही चालत नाही त्याच्यासाठी. हरलेल्यासाठी, एकट्या पडलेल्यासाठी, मागच्या बाकावर गप्प बसलेल्या पोरीसाठी. शिकवताना तिच्याकडे बघून शिकव, मग धडे आपोआप सुटत जातात.

सुरुवात मॉनिटरच्या निवडणुकीपासून कर. हात वर करून घेऊ नकोस हं! गावातली शाळा आहे. ज्याच्या शेतात आई खुरपायला जाते, त्याच्या मुलाच्या विरोधात भर वर्गात हात वर करायची कुठल्या पोरीची छाती होईल? मतदान गुप्त का असतं हे पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा तिला तिथे जास्त कळेल. एकसारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, बुटांचा खोका, त्याला वरून चीर. कोपऱ्यात दप्तरांची आडोशाची भिंत. एक पोर यादीतलं नाव मोठ्याने वाचणार, दुसरं बोटावर स्केचपेनची खूण करणार, तिसरं चिठ्ठी देणार. नाव मोठ्याने का वाचायचं, हे त्यांनाच विचार. कुणी दुसऱ्याच्या नावावर आलं तर समोर बसलेल्याला हरकत घेता यावी म्हणून, हे पाच-सात मिनिटांत कुणीतरी बरोबर सांगतं.

आणि मतदान सुरू करायच्या आधी खोका उघडून, उलटा करून सगळ्यांना दाखव. उमेदवारांचे प्रतिनिधी पुढे बोलाव, त्यांना आत हात घालून बघू दे, मग त्यांच्यासमोर चिकटपट्टी लाव. तुला निवडणुकीची ड्यूटी लागेलच, कुणाला चुकलीय? तेव्हा बघशील. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी, भल्या सकाळी, मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घ्यावं लागतं. ती मतं मोजून, जुळवून, पुसून टाकायची, यंत्र कोरं झाल्याचं दाखवायचं आणि मग मोहोर. झोपमोड झालेले कर्मचारी कुरकुरतात, ‘कशाला एवढं सोंग?’ पण जिंकणाऱ्याला काय गं, तो कसाही जिंकला तरी खूशच. हे सगळं हरणाऱ्यासाठी असतं. संध्याकाळी घरी जाताना त्याला म्हणता आलं पाहिजे, ‘हरलो, पण फसवलं नाही मला कुणी.’ एवढं ज्या वर्गाला उमजलं त्याला निवडणूक आयोगाचा धडा निम्मा आला समज.

निकालानंतर काम संपत नाही, खरी मजा तिथून पुढे. आपल्याकडे मॉनिटरचं मुख्य काम कोणतं? बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. आणि तो कुणाची लिहितो? ज्यांच्याशी कट्टी आहे त्यांची. जिवलग मित्र शेजारी बसून गप्पा ठोकत असला तरी त्याचं नाव येत नाही. मग वर्गालाच विचार, मॉनिटरला काय करता येईल आणि काय नाही? नाव लिहिलं तर त्या मुलाला आपली बाजू सांगता येईल का? मॉनिटर पसंत पडला नाही तर कधी बदलायचा? मुलं स्वतः ठरवतील ते कार्डशीटवर लिहून भिंतीला लाव. आणि मग तूही ते पाळ. नाव वाचल्या वाचल्या तू पोराला उभं केलंस की कार्डशीटची किंमत शून्य.

छडीचं वेगळं सांगायला नकोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षाही बंद आणि मानसिक छळही. ‘म्हशी’, ‘ढ गोळा’ ही विशेषणं त्या दुसऱ्या शब्दात येतात, हे पुष्कळ जुन्या मास्तरांच्या गावीही नसतं.

शालेय मंत्रिमंडळ असेलच तुमच्याकडे. खात्यांचं वाटप एकदा बघून घे. मुख्यमंत्री आणि क्रीडामंत्री मुलगे, स्वच्छतामंत्री आणि आरोग्यमंत्री मुली, असंच निघतं की नाही सांग! खरी पदं त्यांच्याकडे, केरसुणी यांच्याकडे. पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आपल्या राज्यात, हे पोरं परीक्षेत लिहितात. आणि एक दिवस कुणीतरी हात वर करून विचारतंच, ‘बाई, सरपंच त्या काकू आहेत, मग खुर्चीत काका का बसतात?’ अशा वेळी घाईघाईने पान उलटू नकोस. कुणाचं नाव न घेता सांग की सही करायचा आणि सभेच्या अध्यक्षस्थानी बसायचा अधिकार निवडून आलेल्या व्यक्तीचा असतो, तिच्या घरच्यांचा नाही. एवढंच. पोरं घरी जाऊन ते बोलणार, हे लक्षात ठेवून बोल.

आता हक्क आणि कर्तव्यं. ‘आधी कर्तव्यं शिकवा, हक्क आपोआप कळतात,’ असं सांगणारे तुला पायलीला पन्नास भेटतील. मला ते पटत नाही. मूलभूत कर्तव्यं मूळ संविधानात नव्हतीच. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, ४२ व्या दुरुस्तीने १० कर्तव्यं आली, आणि अकरावं २००२ मध्ये, तेही आईवडिलांसाठी, मुलांना शिकण्याची संधी द्या म्हणून. हे मुलांना सांग, त्यांना तारखांमधली गंमत कळते. ज्याला स्वतःचं काही आहे असं कधी वाटलंच नाही, त्याला कर्तव्याची यादी म्हणजे कामांचे आणखी हुकूम वाटतात.

महाडचं तळं तर तू शिकवशीलच, पण इतिहासाच्या तासाला नको, तुझ्या तासाला घे. आणि नुसतं २० मार्च १९२७ सांगून थांबू नकोस. फळ्यावर तारखा एकाखाली एक लिही. १९२३, मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४, महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. आता खडू खाली ठेव आणि विचार, ‘मग १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथे पाणी प्यायला जावं का लागलं?’ थांब थोडी, उत्तर तू देऊ नकोस. ‘ठराव कागदावरच होता, बाई’ हे वर्गातूनच येईल. मग पुढचं लिही. पाणी प्यायल्यावर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि कोर्टात निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. कायदा होणं आणि तो आपल्या ओंजळीत येणं यात केवढं अंतर असतं ते त्या तारखाच सांगतात.

त्यानंतर दुपारी खिचडीच्या पंगतीकडे लक्ष दे. कोण कुणाच्या शेजारी बसत नाही? पिंपातलं पाणी कोण काढून देतं आणि कुणाच्या हातून घ्यायचं टाळलं जातं? दिसलं तर तिथल्या तिथे प्रवचन झोडू नकोस, ज्याच्यासाठी बोलतेस तेच पोर सगळ्यांसमोर ओशाळं होतं. वाढण्याच्या पाळ्या लाव, बसायच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदल, आणि तू स्वतः ज्याच्याकडून टाळलं जातं त्याच्या हातून पाणी घे. पोरांचं लक्ष असतं बरं!

सातवीतली मुलं जरा तयार झाली की केरळची गोष्ट सांग. १९८५ साली तिथल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती शांतपणे, आदराने उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. वरून सूचना आल्या, शाळेने नावं कमी केली. उच्च न्यायालयात वडील हरले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुलं आदराने उभी राहत होती, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, मुलांना पुन्हा शाळेत घ्या. वर्गात दोन तट पडतील, पडू देत. ‘गायला काय जातंय?’ म्हणणाराही असेल. त्याला गप्प करू नकोस, दुसऱ्या बाजूने वकिली करायला लाव. राष्ट्रगीत म्हणायचं नाही असा अर्थ कुणी काढणार नाही एवढी काळजी घे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक दारात. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट तीन पोरांसाठी बसलं, हे त्यांच्या कानावर पडायला हवं.

राहिली ग्रामपंचायत. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि २६ जानेवारीची तर झेंडावंदनानंतर पाचशे पावलांवरच असते. जिलबी वाटून झाली की मोठ्या मुलांना घेऊन मागे बस. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी तितके लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते. पोरांना डोकी मोजायला सांग. ‘गणपूर्ती’ची व्याख्या परत लिहून द्यावी लागणार नाही.

पण सगळ्यात जास्त जीव कशात ओतायचा असेल तर अर्जात. मराठीच्या पेपरात पत्रलेखन येतं ना, अ.ब.क. नगरातल्या क्ष.य.झ. ला? ते सोडून खरा अर्ज लिहू दे. शाळेच्या फाटकासमोरच्या गटाराचं झाकण फुटलंय, पावसाळ्यात पहिलीची पोरं पाय घसरून पडतात. विषय छोटाच घे, आणि तो मुलांचाच हवा. गावातल्या दोन गटांच्या भांडणात पोरांना ओढलंय असा वास जरी आला तरी सगळं फिस्कटेल. हेडसरांना आधी सांगून ठेव, वाटल्यास सरपंचांच्याही कानावर घाल. मग ‘प्रति, मा. सरपंच’ पासून सुरुवात. विषय एका ओळीत. झाकण नेमकं कुठे, कधीपासून फुटलंय, किती रुंद भगदाड आहे, ते पट्टीने मोजून. मुलं पहिल्या खर्ड्यात ‘आमच्या गावाची अवस्था फार दयनीय आहे’ असलं काहीतरी निबंधातलं घालतात. ते खोडायला लाव, मापं राहू दे. खाली सगळ्यांच्या सह्या.

दोन प्रती करा. एक कार्यालयात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब हसून म्हणतील, ‘ठेवून जा बाळांनो, बघतो.’ तेव्हा मुलांनी नम्रपणे म्हणायचं, ‘काका, पोच द्या ना.’ हे वाक्य वर्गात आधी दोन-चारदा बोलून घे, कारण मोठ्या माणसासमोर त्यांचा आवाज फुटत नाही. ज्या पोरीचा वर्गात कधी आवाज येत नाही तिला पुढे कर, शेजारी दोघीजणी दे. महिना उलटला तरी झाकण आलं नाही तर स्मरणपत्र, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख संदर्भ म्हणून. तेही नाही झालं तर ग्रामसभेत कुणाच्या तरी पालकांनी विषय मांडायचा. झाकण बसेलच असं वचन मुलांना देऊ नकोस. बसलं तर आभाराचं पत्र मात्र लिहायला लाव, कार्यालयात तशी पत्रं फार येत नाहीत.

बाकी व्याख्या आणि रिकाम्या जागा परीक्षेच्या आधी आठवडाभरात होतात, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. हेडसर वर्गाच्या दारात येऊन विचारतील, ‘मॅडम, पोर्शन कुठवर आलाय?’ तेव्हा सांग, ‘सर, ग्रामपंचायतीचा धडा चालू आहे,’ आणि आवक क्रमांकाची ती प्रत हातात दे.