कुदळ मारण्याआधी

रायपुरातल्या एका संस्थेच्या बांधकाम समितीचा मी सचिव होतो. संस्थेचा जुना हॉल गळत होता, कार्यक्रमाला माणसं मावत नव्हती, नवी इमारत सगळ्यांनाच हवी होती. प्रश्न एवढाच होता की सुरुवात कधी करायची. दोन ज्येष्ठ सभासद म्हणत होते, हा पावसाळा जाऊ द्या, तोवर माती तपासून घ्या. मी उठून म्हणालो, "शुभकार्याला उशीर कशाला? अक्तीचा मुहूर्त साधू." छत्तीसगडात अक्षय्यतृतीयेला अक्ती म्हणतात. शेवटी तेही मानले, ठराव एकमताने झाला आणि त्या घाईपायी संस्थेची चार वर्षं गेली.

लागणाऱ्या पैशांपैकी तिसरा हिस्सा बँकेत होता. बाकीची नुसती आश्वासनं. शेजारच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागला होता, म्हणून आमच्याकडेही लागेल असं आम्ही धरून चाललो. लागली कन्हार. इथला शेतकरी भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी जमिनीची नावं घेतो. त्यातली कन्हार म्हणजे काळी, चिकण माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. हरभऱ्याला चांगली, पण पायाला वैरी. कुठल्याही शेतकऱ्याने हे सांगितलं असतं, आम्ही विचारलंच नाही.

जूनच्या मध्याला पाऊस आला. एका रात्रीत खड्डे भरले, काठ ढासळले. दिवसभर पंप लावून उपसावं, तर सकाळी पुन्हा तेवढंच पाणी. पाया खोल न्यावा लागला, नकाशे बदलले, खर्च वाढला. मग देणगी कबूल केलेले लोक म्हणू लागले, आधी काम दिसू द्या. ठेकेदाराने माणसं दुसऱ्या साइटवर नेली. प्लिंथच्या वर आलेल्या कॉलमच्या सळ्या उघड्या राहिल्या, त्या तीन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी एक सळई मुठीत धरून फिरवली. तळहातावर गंजाचे पापुद्रे आले, आणि सळईवरच्या ज्या आडव्या धारा सिमेंटला धरून ठेवतात, त्या बोटाला लागेनात.

यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. जागा मोकळी करायची म्हणून जुना हॉल आम्ही आधीच पाडला होता. बालवर्ग बंद पडला. वाचनालयाची कपाटं एका सभासदाच्या पडवीत गेली आणि तिथे खालचे दोन कप्पे वाळवीने खाल्ले. गळका का होईना, हॉल होता. तो मीच घालवला.

संस्थेचं हे झालं. महापालिकेचा पैसा तर साऱ्या गावाचा. महापालिकेच्या नव्या मुख्यालयाचा विषय सभेत येतो तेव्हा 'आत्ताच करा' आणि 'नंतर बघू' असे दोन तट पडतात. मला दोन्ही अपुरे वाटतात. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची कोनशिला लॉर्ड रिपन यांनी 9 डिसेंबर 1884 रोजी बसवली, पण प्रत्यक्ष काम 1889 मध्ये सुरू झालं. मधली वर्षं आराखडा ठरण्यात गेली. 1893 मध्ये इमारत पूर्ण झाली, आणि 11,88,082 रुपयांचा अंदाज असताना खर्च आला 11,19,969. कागदावर घालवलेला वेळ तिथे वाया गेला नाही. उलट पुण्यात 21 जून 2018 रोजी महापालिकेच्या विस्तारित इमारतीचं उद्घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते झालं, आणि त्याच दिवशीच्या पावसात नव्या सभागृहाचं छप्पर गळलं.

आमच्या रायपुरात तर थांबण्याच्या दोन्ही तऱ्हा पाहायला मिळाल्या. नव्या विधानसभेचं भूमिपूजन ऑगस्ट 2020 मध्ये झालं. मे 2021 मध्ये कोरोनामुळे सरकारने नवा रायपूरमधली मोठी बांधकामं थांबवली. पुढे काम झालं आणि 1 नोव्हेंबर 2025 रोजी त्या भवनाचं लोकार्पण झालं. रुग्णालयात प्राणवायू कमी पडत असताना थांबणं मला योग्यच वाटतं. शास्त्री चौक ते जयस्तंभ चौक परिसरातला स्कायवॉक मात्र अर्धा उभा राहिल्यावर अडला. 2018 च्या शेवटी सत्ता बदलली, आणि त्याचा लोखंडी सांगाडा कितीतरी वर्षं शहराच्या डोक्यावर उभा राहिला. सुरू करायचं की नाही हा वाद खड्डा खणण्याआधी संपला पाहिजे. एकदा लोखंड उभं राहिलं की वाद घालायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून ज्यांच्या हातात असा निर्णय आहे, त्यांना माझं सांगणं आहे. पावसाळा मातीच्या अहवालाला, नकाशांना आणि निविदेला द्या. खोदकाम दसऱ्यानंतर काढा, म्हणजे पुढच्या पावसाच्या आत प्लिंथ वर येते. निदान छतापर्यंतचा पैसा मंजूर होऊन खात्यात जमा असल्याशिवाय वर्क ऑर्डर काढू नका. कार्यकाळाच्या शेवटच्या वर्षात तर मुळीच नको, कारण पुढचं सभागृह ते काम आपलं मानेलच असं नाही. आणि थांबायचं असेल तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरावात लिहा. मोघम थांबणंही महाग पडतं. तोवर गळक्या खोलीत जन्ममृत्यूच्या नोंदवह्या भिजत असतात.

आपण कर भरणारेही गप्प बसू नये. आमच्याकडे नगरसेवकाला पार्षद म्हणतात. तुमच्या वॉर्डच्या पार्षदाला सभेआधी भेटा, मातीचा अहवाल आणि पैशाची मंजुरी बघायला मागा. जुनी इमारत कधी पाडणार आणि तोवर दाखले, कर, पाण्याच्या तक्रारी कुठे घेणार, हेही विचारा. पर्यायी जागा ठरलेली नसेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.