खर्जाचा सूर आणि कोरस पेडल

वाचनासाठी : १ करिंथ १४:६-१२, २ इतिहास ५:११-१४

आपल्या मंडळ्यांमध्ये 'कोरस' हा शब्द उच्चारला की दोन-चार ओळींचे, पुन्हा पुन्हा गावयाचे लहान भक्तिगीत आठवते. या लेखात ज्या कोरसाचा विचार करावयाचा आहे तो निराळा आहे. गिटारवादक पायाजवळ जी लहानशी धातूची पेटी ठेवतो व पायाने दाबून सुरू किंवा बंद करतो, तिच्यातील एका ध्वनिपरिणामाचे हे नाव आहे. साध्या गिटारवर तो कानाला गोड लागतो. म्हणून पुष्कळ तरुण वादक तो बेस गिटारवरही लावतात, आणि कित्येकदा पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत तो बंदच करीत नाहीत. तो केव्हा लावावा हा प्रश्न वरवर पाहता एकट्या वादकाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा परिणाम शेवटच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंच्या गाण्यावर होतो.

करिंथकरांस लिहिताना पौलाने पावा व वीणा यांचा दाखला दिला आहे. नादांत स्पष्ट भेद नसेल तर काय वाजत आहे हे ऐकणाऱ्यास कसे कळावे, असे तो विचारतो. तेथे त्याचा मूळ विषय अन्य भाषांचा आहे, वाद्यांचा नाही, आणि दाखल्यातून संगीतशास्त्राचा नियम काढणे योग्य होणार नाही. तरी वाद्याविषयी त्याने जे गृहीत धरले आहे ते आपणही मान्य करावे : मंडळीत वाजणारे वाद्य ऐकणाऱ्यास समजले पाहिजे. शलमोनाच्या मंदिरात कोश आणला गेला तेव्हा कर्णे वाजविणारे व गाणारे यांचा जणू एकच नाद झाला, असे इतिहासकार सांगतो. अनेकांचा एक नाद! कोरस पेडल नेमके याच्या उलट काम करते. ते एकाचा नाद अनेकांसारखा करते.

ते कसे, हे समजून घेऊ. वीस माणसे एकच सूर गातात तेव्हा कोणाचा आवाज किंचित चढा असतो, कोणाचा किंचित उतरलेला. कोणी क्षणभर आधी उचलतो, कोणी मागून. या सूक्ष्म फरकांमुळेच समूहगायनाला भरीवपणा येतो. पेडल तारेच्या आवाजाची एक प्रत काढते, ती साधारणपणे दहा ते तीस मिलिसेकंद उशिरा सोडते व तो उशीर सतत थोडा कमी-अधिक करीत राहते. उशीर बदलत असल्यामुळे प्रतीचा सूरही मुळापेक्षा किंचित वर-खाली होतो. मूळ आणि प्रत एकत्र मिसळली म्हणजे आवाज पसरट व लहरता होतो. जपानच्या रोलंड कंपनीने १९७५ साली आपल्या जेसी-१२० या अँप्लिफायरमध्ये हा परिणाम घातला, आणि पुढच्याच वर्षी तिच्या बॉस या शाखेने सीई-१ हे स्वतंत्र पेडल काढले.

उंच सुरांना यापासून बाधा होत नाही. खर्जाचे तसे नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे तिच्या एका कंपाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. प्रत जर १२ मिलिसेकंद उशिरा आली, तर मूळ लाट वर जात असताना प्रतीची लाट खाली जात असते, आणि दोन्ही परस्परांना पुसून टाकू लागतात. उशीर बदलला की सूर पुन्हा उमटतो, मग पुन्हा क्षीण होतो. वादकाला आपण जोरात वाजवीत आहोत असे वाटते. सभागृहात मात्र पाया येतो आणि जातो. यावर उपाय म्हणून बेससाठी वेगळी पेडल निघाली. बॉसच्या सीईबी-३ वर एक बटण आहे. ते फिरवून परिणाम वरच्या सुरांपुरता ठेवता येतो व खर्ज जवळजवळ जसाच्या तसा राहतो. साध्या गिटारचे पेडल मागून आणून बेसला जोडण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

आता उपासनेकडे वळू. मंडळी गाते तेव्हा बेसचे काम दोन प्रकारचे असते : पट्टी कोणती हे कानाला सांगणे, आणि ठेका कोठे पडतो हे पायाला सांगणे. ज्यांना नोटेशन येत नाही, ज्यांची दृष्टी मंद झाली आहे, जे केवळ कानाच्या आधारावर गातात, ते नकळत याच सुराला धरून असतात. तो डळमळला तर ते चुकीचे गात नाहीत, ते गाणे थांबवितात. हे नुकसान मोठे आहे, आणि ते व्यासपीठावरून दिसत नाही. म्हणून मंडळी उभी राहून गात असेल तेव्हा पेडल बंद असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जलद गीतांत तर ते अजिबात नको. लहर पुरी होण्यापूर्वीच पुढचा सूर येतो व सारा गाळ होतो.

मग ते लावावे तरी केव्हा? जेव्हा पाया दुसऱ्या कोणाकडे असेल, किंवा पायाची गरजच नसेल तेव्हा. प्रभुभोजनासाठी लोक शांतपणे पुढे येत आहेत, केवळ एक गिटार मंद वाजत आहे, आणि बेसवादक बाराव्या पडद्याच्या वर दोन तारा एकत्र छेडीत आहे, अशा वेळी कोरस शोभून दिसतो. उत्तम शुक्रवारी सात उद्गारांच्या मधल्या मननाच्या क्षणी, एखादा लांब सूर एकटाच विरत असताना, त्याचा उपयोग होतो. इंग्लंडच्या न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाचा पीटर हुक वरच्या तारांवर चाल वाजवून कोरस वापरी, तेथे बेस हा पाया नसून गाणारा आवाज होता. पडदे नसलेल्या बेसवरही तो खुलतो; मात्र तेथे वादकाचे बोट आधीच अचूक पडत असले पाहिजे. बेसूर झाकण्यासाठी लावलेला कोरस बेसूर वाढवितो.

आपल्या पेटीचाही विचार करावा. दोन ओळींच्या स्वरपट्ट्यांची पेटी वाजते तेव्हा जोडीचे सूर तंतोतंत जुळलेले नसतील तर तिच्यात लहर निसर्गतःच असते. तिच्यावर बेसची लहर घातली तर दोन लहरी एकमेकींशी भांडतात. टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर चालले असताना खालची जागा मृदंगाच्या डाव्या अंगाने व्यापलेली असते. तेथे बेसने थोडेच व नितळ वाजवावे. जुन्या दगडी देवळांत तर भिंतीच नाद परत पाठवितात, तेथे पेडलची भर कशाला?

लावावयाचेच असेल तर वेग मंद, खोली अल्प, आणि प्रतीचे प्रमाण मूळ सुरापेक्षा कमी ठेवावे. तार जुळविताना पेडल बंद असावे. शनिवारच्या सरावात एकच गीत घ्या. पहिले कडवे पेडल लावून व दुसरे न लावता वाजवा, आणि गीतपथकातील कोणाला तरी शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसवा. कोणत्या कडव्यात आपणहून गावेसे वाटले एवढेच त्याला विचारा, आणि पुढच्या रविवारी त्याप्रमाणे करा.