बुळकांडी : शब्द एक, रोग दोन

शब्द फोडून वाचा : बुळ–कां–डी. बुळकांडी.

कांदिवलीत राहणाऱ्या पुष्कळांची गावे घाटावर आहेत. सातारा, सांगली, सोलापूरकडे आजही धनगर मेंढरे राखतात. तिकडची जुनी माणसे म्हणतात, ‘कळपात बुळकांडी लागली.’ शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द कळत नाही. म्हणून आज आम्ही तोच धड्याला घेतला आहे.

बुळकणे म्हणजे पातळ हगवण होणे. त्याच घरातला शब्द बुळकांडी. रोगाचे जे लक्षण, तेच त्याचे नाव.

पूर्वी बुळकांडी म्हटली की लोक गाई, बैल, म्हशींचा रोग समजत. साथ आली की दावणी ओस पडत. पुढे लस निघाली. गावोगाव गुरांना टोचली. भारतात हा रोग शेवटचा १९९५ साली दिसला. २०११ साली तो साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने जगातून घालवलेला हा दुसरा रोग.

मग बुळकांडी संपली का? नाही! मेंढ्या-शेळ्यांना तसाच एक रोग होतो. त्याचा विषाणू जुन्या रोगाच्या विषाणूचा भाऊबंदच आहे. भारतात तो प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला. डॉक्टर त्याला ‘पीपीआर’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाही बुळकांडीच म्हणतात.

घोटाळा होतो तो इथेच. ‘बुळकांडी गेली’ हे ऐकून कोणी म्हणेल, ‘आता लस कशाला?’ आणि कळप गमावून बसेल.

हा रोग ओळखावा कसा? आधी सणकून ताप येतो. नाक-डोळे वाहतात. तोंड आतून फुटते, मेंढी चारा सोडते. मग हगवण आणि धाप लागते. अशी मेंढी लगेच वेगळी बांधावी. बाजारात नेऊ नये. गुरांच्या दवाखान्यात वर्दी द्यावी. माणसाला हा रोग होत नाही. रोग झाल्यावर त्याला मारणारे औषध नाही. पण आधी टोचायची लस आहे. एकदा टोचली की ती सुमारे तीन वर्षे पुरते.

तेव्हा कोणी म्हणाले, ‘बुळकांडी गेली,’ तर विचारा, ‘कोणाची? गुरांची, की मेंढरांची?’

सांगा व लिहा :
१. बुळकांडी हे नाव कशावरून पडले?
२. कोणती बुळकांडी गेली? कोणती आहे?
३. गावी मेंढ्या-शेळ्या असतील, तर घरी दोन ओळींचे पत्र लिहा. त्यात विचारा, ‘कळपाला लस टोचली का?’