आधी सरी, मग पाणी : मिल लॅक्सचा धडा



अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स सरोवराच्या काठी ओजिब्वे या आदिवासी जमातीचा राखीव प्रदेश आहे. पूर्वी तेथील कारभार निवडून आलेल्या एकाच समितीच्या हाती असे. ठराव करणारे तेच, खर्च करणारेही तेच. मग तक्रार घेऊन माणसाने जायचे कुणाकडे?

१९८१ साली त्यांनी कामाची वाटणी केली :
१) तीन विभागांचे प्रतिनिधी कायदे करतात, खर्चास मंजुरी देतात.
२) मुख्य कार्यकारी व आयुक्त शाळा, दवाखाना, घरे, रस्ते पाहतात.
३) तंटे जमातीचे स्वतःचे न्यायालय सोडवते.

पुढे १९९१ व १९९२ साली जमातीने दोन कॅसिनो, म्हणजे जुगारगृहे काढली. धंदा कुणाला पटो न पटो, त्यातला पैसा शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा व घरबांधणीस लागला.

यातला क्रम ध्यानात घ्या. सरी नीट काढली नसेल तर सोडलेले पाणी भलतीकडेच जाते. पैशाचेही तसेच. वार्षिक सभेत अहवाल हाती आला की नुसते आकडे पाहू नका. विचारा : मंजुरी कुणी दिली, काम कुणी केले, तपासले कुणी?

– ऊस विकास अधिकारी