फरार आरोपी परदेशातून परत कसा येतो? (प्रत्यार्पण)



"मॅडम, आरोपी परदेशात पळाला तर आपले पोलीस तिकडे जाऊन त्याला का नाही पकडून आणत?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तरासाठी आपल्या नाशिकचीच गोष्ट सांगा.

२१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तुलं लंडनहून सावरकरांनी पाठवली, असा इंग्रजांचा आरोप. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनला अटक झाली आणि 'मोरिया' बोटीने त्यांना हिंदुस्थानात आणायचं ठरलं. ८ जुलैला मार्सेलिस बंदरात त्यांनी उडी मारून फ्रान्सचा किनारा गाठला.

उडी मुलांना माहीत असते. पुढचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. किनाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि सरळ बोटीवर नेऊन दिलं. ना कोर्ट, ना कागद! बोट येणार हे लंडनच्या पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधीच कळवलं होतं. म्हणजे पोलिसांचं सहकार्य झालं, पण प्रत्यार्पण झालंच नाही. प्रत्यार्पण म्हणजे एका देशाने मागणी करायची आणि दुसऱ्याने आपल्या कायद्याने तपासून मगच माणूस सोपवायचा.

फ्रान्सने सावरकरांना परत मागितलं. वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा की, सोपवण्यात चूक झाली, पण म्हणून परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. मला हे आजही पटत नाही. तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा झाल्याही होत्या.

आता इंटरपोल आहे. त्याची रेड नोटीस म्हणजे सगळ्या देशांच्या पोलिसांना दिलेली सूचना, अटकेचं वॉरंट नव्हे. भारतात हे काम सीबीआय बघते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला, पण भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. मधली तीन वर्षं पोर्तुगालच्या कोर्टात गेली. फाशी देणार नाही, २५ वर्षांहून जास्त कैद देणार नाही, अशी हमी भारताला द्यावी लागली. पुढे इथे जन्मठेप झाली, तरी ती हमी पाळावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

एवढा गंभीर गुन्हा, तरी हमी का पाळायची? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, आणि उत्तर लगेच देऊ नका.